मुक्कामी गाडीतला निळा डबा

प्रज्ञाचा फोन सकाळी साडेसहाला आला. प्रज्ञा म्हणजे बांबोळेभाऊंची धाकटी मुलगी, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. एरवी तिचा फोन मला येत नाही. "ताई, बाबा गेले," ती म्हणाली. पहाटे उठले, छातीत कळ आली म्हणाले, पाणी मागितलं, आणि पाणी आणेपर्यंत… मग लगेच तिनेच विचारलं, "त्यायनं काल सांजेलेच डबा भरून ठेवला. सात नमुने आहेत. साडेसातची गाडी आहे ना ताई, कोणाले देऊ?"

आणि मी म्हणाले, "थांब, विचारून सांगते."

गेले सहा आठवडे हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. एका मुलीचा बाप तासाभरापूर्वी गेला, ती त्याच्या उरलेल्या कामाचं विचारते आहे, आणि बारा वर्षं आरोग्याच्या क्षेत्रात काम केलेली मी तिला सांगते की विचारून सांगते. कोणाला विचारणार होते मी? पण विचारलं. तिथल्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना फोन लावला, ते रजेवर होते. तालुक्याच्या साहेबांना लावला, त्यांनी हळहळ व्यक्त केली आणि नमुन्यांचा विषय आता त्यांच्याकडे राहिलेला नाही असं सांगितलं. आमच्या संस्थेच्या नागपूरच्या वरिष्ठांना लावला, तर त्यांनी मला एक ईमेल टाकून ठेवायला सांगितलं. तोवर आठ वाजून गेले होते. प्रज्ञाला परत फोन करायचं धैर्य मला झालं नाही. मी गाडी काढली आणि चामोर्शीहून निघाले.

तुळशीराम बांबोळे हे जिल्हा परिषदेचे आरोग्य सेवक. आलापल्लीच्या पलीकडे, जंगलातल्या एका आरोग्य केंद्रात त्यांची बहुतेक नोकरी गेली. क्षयरोगाचं काम त्यांच्याकडे होतं. ज्याला खोकला लांबलाय त्याची थुंकी तपासायला पाठवायची, रोग निघाला तर घरी जाऊन गोळ्या सुरू करायच्या आणि सहा महिने त्या माणसाच्या मागे लागायचं. मी एका आरोग्य संस्थेत आहे. गावं तीच, रोगीही तेच, फक्त आमचं खातं वेगळं. मी मूळची वरोऱ्याची, म्हणजे जिल्हा शेजारचाच, पण तिथल्या लोकांच्या लेखी परदेशीच. आमची पहिली भेट भांडणातच झाली. एका माडिया आदिवासी कुटुंबात मला दोन उपचार कार्डं सापडली, एक आमचं आणि एक त्यांचं. आमच्या पेशंटवर तुम्ही तुमचं नाव लावताय, हे मी त्यांना भर बैठकीत सुनावलं. तेव्हा मी तिशीतली होते आणि मला फार राग यायचा. आताही येतो. ते शांतपणे ऐकत बसले. मग म्हणाले, "ताई, पेशंट तुमचाच लिहा. गोळ्या मी देतो, मले तिकडूनच जा लागते." बैठकीतले सगळे हसले. मी नाही हसले. पण त्या महिन्याच्या अहवालात तो पेशंट आमच्या नावावर लागला आणि गोळ्या भाऊंनीच दिल्या, आणि हे दोन्ही मला माहीत होतं.

त्या भागात खरी अडचण तपासणीची होती. नमुना तपासायचं मशीन मोठ्या गावच्या प्रयोगशाळेत, म्हणजे भाऊंच्या केंद्रापासून चार-साडेचार तासांवर. नमुना थंड ठेवून लवकर पोचला तर उपयोग. आमच्या संस्थेची जीप महिन्यातून दोनदा जायची. आरोग्य केंद्राची गाडी बाळंतिणींसाठी राखीव, आणि ते बरोबरच होतं. भाऊंनी यावर काढलेली तोड म्हणजे मुक्कामी गाडी. ही एसटी संध्याकाळी जंगलातल्या शेवटच्या गावी जाते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच झोपतात, आणि सकाळी तीच गाडी परत फिरते. त्या गाडीचे कंडक्टर भाऊंच्या ओळखीचे होते. त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. एकदा लिहून झालंय, त्याचं काय झालं ते पुढे येईलच.

भाऊंची व्यवस्था अशी होती. डबा लसीकरणाचा, निळ्या रंगाचा, खांद्याला लावायच्या पट्ट्याचा. तो त्यांनी लसींच्या भांडारातून एका दिवसासाठी म्हणून चिठ्ठी लिहून आणला आणि परत केलाच नाही. डबा मिळाला, पण त्यात ठेवायचा बर्फ मिळेना, कारण केंद्रातलं फ्रीजर लसीकरण कार्यक्रमाचं, त्यातले बर्फाचे पॅक लसींसाठीच, आणि तिथल्या सिस्टर नियमाला पक्क्या. म्हणून भाऊ बर्फ आणायचे बाजारातल्या मासोळीवाल्या बाईकडून. ती बाई मासोळ्यांवर टाकून उरलेला बर्फ पॉलिथिनमध्ये बांधून त्यांच्यासाठी बाजूला ठेवायची. नमुन्यांच्या नळ्यांना तीन-तीन वेष्टणं, झाकणाला टेप, त्यात जराही कुचराई नाही. पण डब्याला कायम मासोळीचा वास. प्रयोगशाळेतला परिचर तिकडच्या बसस्थानकावर सायकल घेऊन यायचा, डबा उचलायचा आणि भाऊंना एक मिस कॉल द्यायचा. मिस कॉल आला म्हणजे डबा पोचला. मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी साडेबारापर्यंत भाऊंचा एक कान फोनकडे असायचा. बोलत असले तरी मध्येच थांबून खिशाला हात लावायचे.

एकदा मी मुद्दाम सकाळी त्यांच्याबरोबर रस्त्यावर जाऊन उभी राहिले. मला वाटलं होतं काही बोलणं होईल, नोंद होईल, कोणी सही करेल. गाडी आली, कंडक्टरने दार उघडलं, वरूनच हात खाली केला, डबा घेतला, पुढच्या सीटखाली सरकवला, गाडीच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली आणि गाडी गेली. अर्धं मिनिटही लागलं नाही. मी भाऊंना विचारलं, पावती? "पावती काऊन पायजे ताई? मिस कॉल येते ना."

आठ वर्षं हे असं चाललं. जिल्हा परिषदेचा माणूस, लसीकरणाचा डबा, मासोळीवालीचा बर्फ, एसटीचा कंडक्टर, दवाखान्याचा परिचर, आणि रोगी मात्र अहवालात आमच्या संस्थेचा. पुढे मी कितीतरी कार्यशाळांमध्ये 'विविध यंत्रणांमधील समन्वय' या विषयावर पडद्यावर बाणांची चित्रं पाहिली. त्यातल्या एकाही चित्रात मासोळीवाली नव्हती.

मग आरोग्य खात्यांची फेररचना आली. चार वर्षं झाली असतील. वेगवेगळे रोगांचे कार्यक्रम एका छत्राखाली आले, उपकेंद्रांच्या पाट्या बदलल्या, ज्या रुग्णालयात आमची प्रयोगशाळा होती ते एका खात्यातून निघून दुसऱ्या खात्याच्या महाविद्यालयाकडे गेलं. गावं जिल्हा परिषदेकडे, मशीन महाविद्यालयाकडे, आणि मधल्या जागेत आमच्यासारख्या संस्था. कल्पना वाईट नव्हती, हे मला आजही म्हणायचंय. सगळ्यांनी मिळून काम करावं, रोगी या टेबलावरून त्या टेबलावर फिरू नये, एवढाच तिचा हेतू. त्यासाठी सामंजस्य करार करायचे ठरले, आणि कराराचा मसुदा करायचं काम आमच्या जिल्ह्यात माझ्याकडे आलं. मला आनंद झाला. कागद हे माझं काम, त्यात मी वाकबगार. भाऊ मला 'कागदवाली ताई' म्हणायचे ते उगाच नाही.

मसुद्याला एक परिशिष्ट जोडायचं होतं, स्थानिक पातळीवर यशस्वी झालेल्या उपक्रमांचं. मी मुक्कामी गाडीचा डबा त्यात घातला. मनापासून घातला. आठ वर्षं एक माणूस कसलाही गाजावाजा न करता हे चालवतोय, त्याची कुठे नोंद नाही, उद्या तो निवृत्त झाला की सगळं संपेल, याचा मला त्रास व्हायचा. मी तीन पानं लिहिली. गाडीची वेळ, डब्याचं माप, बर्फाचा स्रोत, कंडक्टरचं नाव, परिचराचं नाव, एक फोटोही. आणि मोठ्या उत्साहाने ती पानं भाऊंना वाचून दाखवायला गेले.

ते त्यांच्या घरासमोर तांदूळ वाळत घालत होते. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताई, हे नोका लिहू." मी म्हटलं, का? "कागदावर आलं का सायब लोक वाचतेत. वाचलं का त्यायले प्रश्न पडतेत. आता कंडक्टर हो म्हन्ते, काम होते. कागदावर त्याच्या सायबाले हो म्हना लागन. मंग त्या सायबाच्या सायबाले." मी त्यांना समजावलं. जरा वरच्या पट्टीतच समजावलं. तुम्ही एक दिवस नसाल, तुमच्यानंतर हे टिकायला हवं की नको? एका माणसाच्या भिडेवर चालतं त्याला व्यवस्था म्हणत नाहीत. ते तांदळातून हात फिरवत राहिले. "पोचते ना ताई डबा? मंग झालं," एवढंच म्हणाले. माझा मुद्दा चुकीचा नव्हता. म्हणूनच मला तो जास्त टोचतो. मी परिशिष्ट जोडलं.

पुढचं सगळं अत्यंत सभ्य भाषेत घडलं. एसटीच्या आगाराकडून पत्र आलं की उपक्रम स्तुत्य आहे, परंतु प्रवासी वाहनातून संसर्गजन्य नमुने सोबतीच्या माणसाशिवाय नेण्यास वरिष्ठ कार्यालयाची परवानगी लागेल. वरिष्ठ कार्यालयाने विम्याचं विचारलं. प्रयोगशाळेने कळवलं की नव्या व्यवस्थेत नमुने अधिकृत वाहकाकडूनच घेतले जातील. अधिकृत वाहक कोण, असं मी जिल्हा परिषदेला विचारलं, तर ते एक मोठं कुरियर होतं, वरून नेमलेलं. कुरियरला विचारलं. त्यांचा एक माणूस दोनदा येऊन गेला, बारकोडची चिकटपट्टी देऊन गेला, आणि नंतर त्यांच्या यंत्रणेत भाऊंचं गाव 'सेवा क्षेत्राबाहेर' दिसू लागलं. कोणीही लबाडी केली नाही. प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर होता, आणि प्रत्येकाचं पत्र माझ्याकडे फाईलला आहे. कंडक्टरकडून तेवढा लेखी खुलासा मागवला गेला. परिशिष्टात त्यांचं नाव होतं ना. गौरव म्हणून लिहिलेलं नाव. त्यांची त्या गाडीवरून दुसऱ्या मार्गावर बदली झाली.

मी भाऊंना तोंड दाखवायला गेले नाही. फोन केला, रडले. ते म्हणाले, "जाऊ द्या. आता मीच जातो गाडीनं. प्रवाश्याच्या सामानाले कोनी काई म्हनत नाई." पत्रात 'सोबतीच्या माणसाशिवाय' असं लिहिलं होतं. मग सोबतीचा माणूस तेच झाले. प्रयोगशाळेत 'वाहक' म्हणून संबंधित कर्मचारी स्वतः आला तर चालतं, हेही त्यांनी शोधून काढलं. दोन वर्षं मंगळवार आणि शुक्रवार हा माणूस सकाळी साडेसातला मांडीवर डबा घेऊन मुक्कामी गाडीत बसायचा, कंडक्टरच्या मागच्या सीटवर, खिडकीशी. दुपारी डबा द्यायचा, रिकामा घ्यायचा, आणि रात्र पडता पडता घरी. आष्टीच्या पुढे रस्त्याची काय दशा आहे, खनिजाच्या ट्रकांच्या मागे एसटी कशी रांगते, हे तिकडे जाणाऱ्यांना सांगायला नको. वय छप्पन्न, रक्तदाबाची गोळी चालू. हा दौरा त्यांच्या कामात बसत नव्हता, कारण वाहतूक कुरियरकडे होती. म्हणून ते रजा टाकायचे. रजा संपल्या तेव्हा हजेरीवर लाल रेघा येऊ लागल्या. उरलेल्या दिवसांत सायकलवरून गोळ्या वाटायचं काम होतंच.

मी काय करत होते? मी बैठकांत भांडत होते. दर महिन्याला समन्वय समिती बसते. लांब टेबल, प्रत्येक खात्याच्या नावाची पाटी, प्रत्येकासमोर पाण्याची बाटली. दर बैठकीत मी हा विषय काढायचे. दर बैठकीत इतिवृत्तात येई की सदर बाब संबंधितांच्या निदर्शनास आणून द्यावी. आम्ही सगळे संबंधित तिथेच बसलेलो असायचो! एका बैठकीत मी पाटी उचलून टेबलावर आपटली, तर पुढच्या महिन्यापासून आमच्या संस्थेला निमंत्रण देण्याबाबत फेरविचार सुरू झाला. भाऊंना हे कळलं तेव्हा त्यांनी मलाच समजावलं, ताई, पाटीनं काय केलं तुमचं. एकदा मी म्हटलं, या शुक्रवारी डबा मी नेते. नेला. आणखी एकदा नेला. दोन वर्षांत दोनदा. बाकीच्या वेळी मला कुठेतरी अहवाल द्यायचा असायचा.

त्यांच्या जाण्याआधी दहा-बारा दिवस ते मला चामोर्शीच्या बसस्थानकावर दिसले होते. बाजाराचा दिवस, गर्दी, आणि मुक्कामी गाडी दहा मिनिटं थांबलेली. खिडकीतून हात हलवला. मी जवळ गेले. चेहरा ओढलेला, घाम आलेला, मांडीवर निळा डबा. चहा आणू का विचारलं तर नको म्हणाले, डबा सोडून उतरता येत नाही आणि गाडीत चहा सांडतो. रिटायरमेंटला वर्ष राहिल्याचं सांगितलं. मग एकदम हसून विचारलं, "ताई, तुमच्या त्या करारावर सह्या झाल्या का सगळ्यायच्या?" मला इतका राग आला… त्यांचा नाही. मी म्हटलं, एक राहिली आहे. "होईन, होईन," ते म्हणाले, आणि गाडी सुटली. हे आमचं शेवटचं बोलणं. दवाखान्यात दाखवून या, एवढंसुद्धा मी म्हटलं नाही. जो माणूस आठवड्यातून दोनदा मोठ्या दवाखान्याच्या दारात जाऊन येतो, त्याला ते सांगायला हवं हे मला सुचलंच नाही. डबा आतल्या टेबलावर ठेवून तो परतीच्या गाडीसाठी पळायचा.

त्या शुक्रवारी मी भाऊंच्या घरी पोचले तेव्हा साडेअकरा झाले होते. अंगणात माणसं जमली होती. पांढऱ्या साड्यांतल्या बायका, घोळक्याघोळक्याने उभे असलेले माडिया गावांतले लोक. त्यातले कितीतरी चेहरे आमच्या यादीतले होते, म्हणजे आमच्या नावावर लागलेले त्यांचे रोगी. एका म्हाताऱ्याने मला ओळखलं आणि मान फिरवली, की मला तसं वाटलं. आत भाऊंना चटईवर ठेवलं होतं. बुद्धवंदना चालू होती. मी प्रज्ञाजवळ जाऊन बसले. डब्याचं विचारायची छाती झाली नाही. तो कुठेतरी ओसरीत पडला असेल, बर्फ वितळला असेल, सात माणसांना पुन्हा थुंकी द्यायला बोलवावं लागेल आणि त्यातली निम्मी येणार नाहीत, हे सगळं मी मनात मांडून बसले होते. त्यासाठी लागणारं पत्रसुद्धा मनात तयार होतं.

पावणेएकच्या सुमाराला भाऊंचा फोन वाजला. उशाजवळच्या फळीवर ठेवलेला होता, कोणी बंद करायचं राहून गेलं होतं. एक रिंग झाली आणि थांबली. वंदना म्हणणारे क्षणभर अडखळले, पुन्हा पुढे सुरू झाले. प्रज्ञाने फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सकाळपासून ती रडली नव्हती असं नंतर तिच्या आईने सांगितलं. "पोचला," ती म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना.

मी 'विचारून सांगते' म्हटल्यावर तिने पंधरा मिनिटं वाट पाहिली होती. मग डबा खांद्याला लावून रस्त्यावर गेली. गाडी थांबली. कंडक्टर एक बाई होती, काही महिन्यांपूर्वी या मार्गावर आलेली. "भाऊ नाई येऊन राह्यले का आज?" तिने विचारलं. प्रज्ञाने सांगितलं. ती बाई गाडीतून खाली उतरली, डबा हातात घेतला, परत चढली आणि भाऊंच्या नेहमीच्या सीटवर, खिडकीशी, तो ठेवला. मग मशीनमधून एक पूर्ण तिकीट काढलं, आणि डब्याच्या पट्ट्यात खोचलं, म्हणजे वाटेत कोणी तपासणीस चढलाच तर त्या सीटवरचा प्रवासी रीतसर आहे. प्रज्ञाने घरी येऊन परिचराला फोन केला, की बाबा गेले, डबा गाडीत आहे, घ्याल का. तो घेऊन गेला, आणि जुन्या सवयीने त्याने मिस कॉल दिला. ज्याला दिला तो नाही हे त्याला माहीत होतं. त्याला मी नंतर विचारलं, तर खाली बघत म्हणाला, हात गेला तिकडे. साडेनऊ वाजता मी आष्टीच्या अलीकडे ट्रकांच्या मागे अडकले होते, आणि समोरून येणाऱ्या ज्या एसटीला मी हॉर्न मारला, ती तीच असणार. रिकाम्या सीटवरचा डबा मला दिसला नाही.

सातांपैकी एका नमुन्यात क्षयरोग निघाला. नदीपलीकडच्या गावातली एक बाई, कडेवर चार महिन्यांचं मूल. तिच्या गोळ्या सुरू आहेत. प्रज्ञा स्वतः जाऊन देते. कोणाच्या वतीने, ते तिला कोणी विचारलेलं नाही.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर आठवड्यात त्यांच्या घरी एक पत्र आलं. दिवंगत कर्मचाऱ्याच्या नावावर लसींच्या भांडारातून घेतलेला एक डबा बाकी दिसत असून तो जमा केल्याशिवाय ना-देय दाखला देता येणार नाही. बारा वर्षांपूर्वीची ती चिठ्ठी कोणीतरी शोधून काढली होती. कुरियरला ते गाव सापडलं नाही, पण ही चिठ्ठी सापडली. मी प्रज्ञाबरोबर डबा घेऊन भांडारात गेले. भांडणार असं ठरवूनच गेले होते. भांडारपालांनी झाकण उघडलं, नाक जवळ नेलं आणि चटकन मागे घेतलं. हा लसींसाठी वापरता येणार नाही, म्हणाले. मासोळीचा वास धुऊन जाण्यातला नव्हता. त्यांनी रजिस्टरमध्ये 'निरुपयोगी, निर्लेखित' असं लिहिलं, शिक्का मारला, दाखला दिला आणि डबा आमच्याकडे सरकवला, घेऊन जा म्हणाले, इथे ठेवलात तर बाकीच्यांना वास लागेल. जिल्ह्यातल्या माझ्या बारा वर्षांत इतक्या झटपट निघालेला हा पहिला निर्णय.

म्हणजे आता तो डबा जिल्हा परिषदेचा नाही, महाविद्यालयाचा नाही, आमच्या संस्थेचाही नाही. कोणत्याच रजिस्टरला तो उरलेला नाही, त्यामुळे त्याच्याबद्दल परवानगी नाकारायची तर कोणी आणि कशाची, हा प्रश्नच मिटला. मंगळवारी आणि शुक्रवारी तो पुन्हा त्याच गाडीने, त्याच सीटवरून जातो.

परवा समन्वय समितीची बैठक झाली. नव्या अहवालात एक रकाना आहे, 'नमुना वहनाचे माध्यम'. भाऊंच्या केंद्रातून नमुने वेळेवर येतायत, असं प्रयोगशाळेकडून कौतुकाने सांगण्यात आलं, आणि हे कसं जमलं ते तपशिलात लिहून द्या, इतर तालुक्यांना उपयोग होईल, असं मला सुचवण्यात आलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पेनचं टोपण काढलं… आणि परत लावलं. विचारून सांगते, म्हणाले.

मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी मी कुठेही असले तरी साडेबारानंतर माझं लक्ष लागत नाही. पर्समधला फोन बाहेर काढून समोर ठेवते. तो एकदा वाजतो आणि थांबतो.